कागदावर संपलेली बाटली

विद्यापीठातून निवृत्त होताना नो ड्यूज लागतो. ग्रंथालय, जिमखाना, स्टोअर, सगळ्यांच्या सह्या. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांच्या वेळी स्टोअरचे क्लार्क डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, घेऊन आले आणि स्टुलं मोजायला लागले. दोन स्टुलं आणि एक स्टॉपवॉच कमी भरलं. आता यात त्यांची चूक काही नाही, त्यांचं कामच ते. पण रसायनं डेडस्टॉकमध्ये येतच नाहीत. ती 'कन्झ्युमेबल', खरेदी केली की खर्ची पडली. कागदोपत्री सरांच्या लॅबमध्ये ॲसिडचा थेंबही शिल्लक नव्हता. प्रत्यक्षात कपाटाची दारं धड लागत नव्हती.

मी सरांचीच विद्यार्थिनी, आता त्याच विभागात शिकवते. लॅब आवरायची ती सर असतानाच, एवढाच माझा हट्ट होता. बाटलीवर 'ए-17, शुद्ध' इतकंच लिहिलेलं असतं. ते कुणाचं, कशाचं, हे सांगणारा माणूस पेन्शनीत निघाला की ती बाटली अनाथ होते. सरांनी एक कुपी उजेडात धरली, अक्षर ओळखलं आणि थेट हैदराबादला त्या विद्यार्थ्याला फोन लावला. "अरे, हा तुझा ॲझाइड का?" तोच निघाला. "बाजूला ठेव गं, सिंककडे नको," सर म्हणाले. ॲझाइड शिशाच्या किंवा तांब्याच्या पाइपात गेला की तिथे स्फोटक क्षार तयार होतात, आणि ते कळतं प्लंबर आल्यावर.

नोंद असली म्हणजे सुटलो, असंही नाही म्हणा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातला गॅमा सेल, म्हणजे गॅमा किरणांचं यंत्र, 1985 पासून पडून होता. 2010 मध्ये तो भंगार म्हणून लिलावात गेला आणि मायापुरीच्या भंगारबाजारात फोडला गेला. आत किरणोत्सर्गी कोबाल्ट-60. एक कामगार दगावला, कित्येक जण आजारी पडले. कागदोपत्री निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून वस्तू वजा करणं, झालं होतं!

पहिले काही दिवस साधेच गेले. रॉकेलमधलं सोडियम फ्यूमहूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, आयसोप्रोपेनॉलमध्ये थोडं थोडं विरवलं. टीएचएफ आणि ईथर ही सॉल्व्हंट पडून राहिली की त्यांत स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात, म्हणून त्यांच्या उघडलेल्या बाटल्यांची पोटॅशियम आयोडाइडच्या पट्टीने चाचणी घेतली. ज्यांच्या तळाशी किंवा झाकणाभोवती स्फटिक दिसले, त्यांना हातही लावला नाही. ॲसिडं वेगळी, सॉल्व्हंट वेगळी, क्लोरीनवाली सॉल्व्हंट त्याहून वेगळी. नायट्रिक ॲसिड आणि ॲसिटोन एका कॅनमध्ये ओतणारे महाभाग प्रत्येक विभागात असतात, म्हणून कॅनवर मीच लेबलं लावत होते.

मग आमचे लॅबचे मामा खालचं कोपऱ्यातलं कपाट उघडून म्हणाले, "मॅडम, इथं हळदीची बाटली कुणी ठेवली?"

मी टॉर्च मारला. तपकिरी काच, उडालेलं लेबल, 'पिक' एवढीच अक्षरं शिल्लक. आत पिवळी जर्द कोरडी पूड आणि झाकणाच्या आट्यांवर पिवळी खरपुडी.

बीएस्सीला ज्यांनी नॅप्थालीन पिक्रेटच्या पिवळ्या सुया केल्या असतील, त्यांना पिक्रिक ॲसिड आठवेल. त्याचंच नाव ट्रायनायट्रोफिनॉल, म्हणजे टीएनटी या स्फोटकाचा चुलतभाऊच. पाण्याने भिजलेला असेल तोवर तो शहाणा असतो, बाटली विकतातही ओलीच. वर्षानुवर्षं पडून पाणी उडून गेलं की धक्का आणि घर्षण त्याला पुरतं. आट्यांत खरपुडी असताना झाकण फिरवायचं म्हणजे घर्षण आपणच करायचं. झाकण धातूचं असेल तर आणखी पंचाईत, कारण धातूंचे पिक्रेट मूळ ॲसिडपेक्षाही चिडके.

"मामा, हात मागे घ्या. दार आहे तसंच राहू द्या."

मजला रिकामा केला. एका वरिष्ठांनी सुचवलं की माळ्याला सांगून मागे पुरून टाकू, उगाच बोभाटा कशाला! सर आयुष्यात आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढला. पोलिसांना फोन गेला आणि बॉम्बशोधक व नाशक पथक आलं. त्यांच्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "झाकण कोणी फिरवलं का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैलावला. दूर उभं राहून, दोरी-हुकाने, वाळूच्या पेटीत बाटली उतरवून ते घेऊन गेले. बाकीचा कचरा यादी, वजन आणि मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या कागदासह) तळोज्याच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे रवाना झाला. त्या यादीसाठी मात्र सरांना तीनदा बसवावं लागलं. चहा माझ्याकडून.

स्टुलांचे पैसे सरांनी भरले. स्टॉपवॉच कुठे गेलं, देव जाणे.

आठवड्याभरात प्राणिशास्त्राच्या मॅडमचा फोन. "अगं, ऊती टिकवायच्या बोइन द्रावणासाठी आम्ही पिक्रिक ॲसिड घेतलं होतं, कपाटात आहे. बघायला येतेस?" हात लावू नका, टॉर्चने बघा, असं फोनवरच सांगितलं आणि गेले. त्यांच्या बाटलीत पुडीवर बोटभर पाणी होतं, आट्या स्वच्छ. बाटलीवर तारीख घातली, पाण्याची पातळी बघायचं काम त्यांच्या लॅब असिस्टंटच्या नावावर लिहून घेतलं आणि पुढच्या खेपेला तळोज्याला जाणाऱ्या यादीत तिचं नाव टाकलं.