चौघांच्या टेबलावर एकास एक म्हणजे तोटा

मेंढीकोटात समोर बसलेला भिडू आपला असतो. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या कमांडर प्रकारात समोरचा, डावीकडचा, उजवीकडचा, तिघेही परके. दोघांचे डाव खेळून आलेला माणूस इथे मार खातो तो याच हिशोबात.

दोघांच्या डावात समोरच्याचे 20 लाइफ, ते शून्यावर आलं की तो बाद. इथे प्रत्येकी 40, तिघांचे मिळून 120. म्हणजे 3 पॉवरच्या (एका हल्ल्यात 3 लाइफ घेणाऱ्या) क्रीचरने, म्हणजे लढणाऱ्या कार्डाने, दर टर्नला मारत राहिलं, तर तिथे 7 हल्ल्यांत आटोपणारं काम इथे 42 हल्ले (प्रत्येकाला 14) खातं. शिवाय हल्ल्याला गेलेलं क्रीचर टॅप (आडवं, वापरलेलं) होतं, आणि तुमची पाळी परत येईपर्यंत मध्ये तिघांच्या पाळ्या. तेवढा वेळ हल्ला अडवायला ब्लॉकर नाही. काहून घाई करता?

खरी गोची रिमूव्हलची, म्हणजे समोरच्याचं कार्ड काढून टाकणाऱ्या कार्डांची. 'स्वॉर्ड्स टू प्लाऊशेअर्स' एका मानाचं (माना म्हणजे कार्ड खेळायला मोजायचं बळ), स्वस्त, म्हणून दिसेल त्या क्रीचरवर टाकलं जातं. तुमचं एक कार्ड गेलं, त्याचं एक गेलं. उरलेले दोघे फुकटात पुढे. डावीकडच्याने 8/8 (8 पॉवर, 8 टफनेस) क्रीचर उतरवलं तरी लगेच हात घालू नका. ते दुसऱ्यावर चालून जातंय तोवर तुमचंच काम करतंय. ते तुमच्यावर वळलं, किंवा त्याने डावच संपणार असेल, तेव्हा टाका. इन्स्टंट आहे, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतही टाकता येतं, थांबता येतं. पांढरा माना मात्र उघडा (न वापरलेला) राहू द्या. तोही इतरांना दिसतो आणि हल्ला दुसरीकडे वळतो.

'प्रोपगंडा' तीन मानाचं. तुमच्यावर हल्ला करायचा तर दर क्रीचरमागे 2 माना मोजायचे. पाच टोकनना (कार्डाऐवजी खुणेने दाखवलेल्या क्रीचरना) 10. एवढं कोण देतो? फौज शेजाऱ्याकडे जाते. माझ्या मते निळ्या डेकमध्ये हे नसेल तर चूकच.

'रॅथ ऑफ गॉड' चार मानात सगळ्यांची क्रीचर साफ करतं, पण बहुतेक जण ते चुकीच्या वेळी खेळतात. चारच माना असताना टाकलं, तर तुमच्याआधी तिघे पुन्हा बोर्ड उभा करणार. तुमचा 4 मानाचा कमांडर (डेकचा म्होरक्या) त्यात मेला तर कमांड झोन या त्याच्या वेगळ्या जागेतून परत आणायला 6, पुढच्या खेपेला 8. म्हणून कमांडर उतरवण्याआधी वाइप (अशी सगळी साफसफाई) करा. 8 माना असतील तर त्याच टर्नला वाइप आणि मागोमाग कमांडर.

डेकचा माझा ढाचा: 37 लँड (माना देणारी मूळ कार्डं), 'सोल रिंग' धरून 10 इतर माना देणारी, 10 ड्रॉ (नवी कार्डं ओढू) देणारी, 8 रिमूव्हल, 3 वाइप. सुरुवातीच्या सात कार्डांत दोनच लँड आले तर बदला. चौघांत पहिला मुलिगन (हातातली कार्डं बदलणं) फुकट असतो, तरी लोक लाजतात.

तह करताना मुदत बोला. 'मला मारू नको' याला अर्थ नाही. 'माझी पुढची टर्न सुरू होईपर्यंत तू माझ्यावर हल्ला नको, मी तुझ्या ('प्रोपगंडा'सारख्या) एन्चांटमेंटला हात लावत नाही' असं. नियम कुणाला शब्दाने बांधत नाहीत, म्हणून शब्द मोडणाऱ्याला टेबल पुढच्या डावातही लक्षात ठेवतं.

नागपूरकरांसाठी एक वेगळंच: मे महिन्यात टेबल कूलरसमोर लावू नका. टोकन उडतात ते सोडा, दमट हवेने फॉईल (चकचकीत) कार्ड वाकतात, स्लीव्हमध्ये (प्लास्टिक कव्हरात) असूनही शफल करताना बोटांना कळतात, आणि असं कार्ड स्पर्धेत मार्क्ड (न बघता ओळखू येणारं) ठरू शकतं. वाकलेलं फॉईल काढा, साधं घाला.