रवा आणि ८९० अंश

स्पेनमधल्या आलिसेदा गावी १९२० साली सोन्याचा साठा सापडला. आता माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात असलेल्या या साठ्यातला कमरपट्टा इ.स.पू. सातव्या शतकातला. त्यावर सिंहाशी झुंजणारा वीर, पंखधारी ग्रिफिन (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी) आणि ताडपानांची नक्षी आहे. ही चित्रभाषा फिनिशियनांबरोबर, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांबरोबर, पूर्वेकडून आली. आकृत्या गुळगुळीत आणि मागची जमीन रव्यांनी, म्हणजे सोन्याच्या बारीक गोळ्यांनी, भरलेली. उजेड रव्यांवर फुटतो, म्हणून सिंह उठून दिसतो.

सेव्हिलजवळच्या काराम्बोलोत (१९५८) सापडलेल्या २१ दागिन्यांचं वजन तीन किलोच्या आसपास. त्यातली दोन पदकं ताणलेल्या बैलाच्या कातड्याच्या आकाराची आहेत, आणि तिथल्या देवस्थानातल्या वेदीचाही आकार तोच. म्हणजे ती नुसती नक्षी नव्हे, पूजेशी जोडलेली खूण आहे.

नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात रवाकाम म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण जुनी पद्धत मुळापासून बघण्यासारखी आहे. बारीक तारेचे सारखे तुकडे कापायचे. मुशीत कोळशाच्या भुकटीचा थर, त्यावर सुटे तुकडे, पुन्हा भुकटी. १०६४ अंश सेल्सिअसवर शुद्ध सोनं वितळतं आणि पृष्ठताणाने प्रत्येक तुकड्याचा गोळा होतो. भुकटी धुऊन रवे चाळणीने आकारवार निवडायचे.

खरं कौशल्य जोडण्यात आहे. तांब्याच्या क्षाराची पूड डिंकात कालवून तिने रवे चिकटवतात. तापल्यावर क्षाराचा ऑक्साइड होतो, डिंकाचा कोळसा. सुमारे ८५० अंशांवर हा कोळसा ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेतो, तांबं मोकळं होतं आणि ८९०च्या आसपास सोन्याशी एकजीव होतं. डाक, म्हणजे जोडासाठी वितळवायचा वेगळा मिश्रधातू, लागतच नाही.

बिघडतं ते इथे: डिंक ओला राहिला तर वाफेने रवे उडतात. ज्वाळेत हवा जास्त झाली तर तांबं मोकळं होत नाही आणि रवे नंतर झडतात. रवे लहान, पत्रा जाड, त्यामुळे रवे आधी तापतात. म्हणून ज्वाळा पत्र्याच्या खालून द्यावी. २२ कॅरेटचं सोनं शुद्ध सोन्याच्या आधीच वितळतं, तिथे चूक सावरायला फार कमी अंश उरतात. उष्णता वाढली की रवा पत्र्यात बसतो.

दहापट भिंगाखाली दोन रव्यांमधली खाच पाहा. ती स्वच्छ, खोल असेल तर काम या पद्धतीचं असण्याची शक्यता मोठी. धातूने भरलेली असेल तर नेहमीची डाक वाहिली आहे.