आमची वाटचाल : सेंट्रल ओटागोतलं टॉर्चचं दुकान

आम्ही नवरा-बायको मूळचे सांगलीचे. न्यूझीलंडमध्ये अलेक्झांड्राजवळ आमचं टॉर्च-बॅटऱ्यांचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे मेंढपाळ आणि द्राक्षबागवाले, रात्री सशांमागे जाणारे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी, त्यामुळे गावाकडच्यांना हा धंदा रुचत नाही. पण ससा इथला नाहीच. एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी आणून सोडला, आणि आज तो कुरणं खरवडून माती उघडी पाडतो.

सुरुवात दुरुस्तीपासून झाली. तेव्हा हॅलोजनचे हातदिवे आणि खांद्याला जड लेड-ॲसिड बॅटरी असायची. तारा जोडायला डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) काम बायकोचं, तिचा हात माझ्याहून स्थिर. एलईडी आले, दुरुस्ती आटली आणि आम्ही रायफलवर बसणारे टॉर्च विकू लागलो.

गिऱ्हाईक आधी ल्युमेन विचारतं. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. झोत लांब किती जाणार ते कॅन्डेलावर, म्हणजे एका दिशेला उजेड किती तीव्र आहे त्यावर ठरतं. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, खोक्यावर छापलेले मीटर मिळतात. ४०,००० कॅन्डेला म्हणजे ४०० मीटर. मात्र त्या टोकाला पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उजेड उरतो, ससा की शेजाऱ्याचं मांजर हे काही कळत नाही. पॉइंट टू-टू रायफलने, म्हणजे सशासाठीच्या छोट्या गोळीच्या बंदुकीने, रात्री साठ-सत्तर मीटरच्या आतच मारायचं असतं. तेवढ्यासाठी मध्यम ताकदीचा, घट्ट झोताचा टॉर्च पुरतो.

बसवण्यात खरी मेख आहे. टॉर्च रायफलच्या दुर्बिणीवर चढवला आणि झोताची कड नळीच्या टोकावरच्या सायलेन्सरला लागली, की चकाकी थेट डोळ्यात येते. म्हणून आम्ही बोल्ट (ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही तो भाग) काढलेली रायफल घेऊन यायला सांगतो, मागच्या अंधाऱ्या शेडमध्ये उजेड पाडून बघतो आणि चकाकी जाईपर्यंत क्लॅम्प पुढे किंवा बाजूला सरकवत राहतो. लाल काच हवी का, हेही तिथेच ठरतं. सशाला लाल रंग फारसा दिसत नाही, त्यामुळे तो कमी बुजतो. पण लाल उजेडात आपल्यालाही जनावर नीट ओळखू येत नाही.

एका गोष्टीवर आम्ही अडून बसतो. रायफलवरच्या टॉर्चने ससा शोधायचा नाही. शोधायला डोक्यावरचा दिवा. नाहीतर जिकडे उजेड तिकडे नळी, मग समोर मेंढी असो की माणूस. इथल्या बंदूक-सुरक्षेच्या सात नियमांपैकी चौथा हेच सांगतो : निशाण काय आहे याची निःसंशय खात्री करा. ज्याच्याकडे हेडलॅम्प नाही त्याला आम्ही नुसता रायफलचा टॉर्च देत नाही. काही गिऱ्हाइकं त्यावरून तुटली, तरी हा नियम आम्ही सोडणार नाही. सरकारी संरक्षित जमिनीवर रात्री दिवे लावून शिकार करायला मनाई आहे, तेही बिल करतानाच सांगतो.

हल्ली अंगाच्या उष्णतेवरून जनावर दाखवणाऱ्या थर्मल दुर्बिणींची विचारणा वाढली आहे. गवतात दडलेला ससा त्यात झटकन सापडतो, पण दिसतो तो गरम ठिपका. त्यामुळे थर्मल न्यायला आलेल्यालाही आम्ही आधी टॉर्चच दाखवतो.