कानात सुई नको

सर्दी असताना पुण्याहून विमानाने नागपूरला आले. उतरताना डाव्या कानाला दडा बसला, तो बसलाच. जांभया दिल्या, वाफ घेतली, सासूबाई म्हणाल्या म्हणून शेकही घेतला. गोळ्या, नाकातला स्प्रे सगळं झालं. दीड महिन्यानंतरही माझाच आवाज मला माठात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा.

पहिल्या दवाखान्यात सांगितलं, पडद्यामागे पाणी साचलंय, बारीक चीर देऊन ओढून काढू. सुईची माझी भीती जुनी आहे. डॉक्टर म्हणाले, सुई नाहीच, फवाऱ्यानं बधिर करतो. फवारा मारला (तोच केवढा झोंबला!), दोन-तीन मिनिटांत पडद्याला काहीतरी टेकवलं आणि मी खुर्चीवरून अर्धी उठले. काम तिथंच थांबलं. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

महिनाभरानं धंतोलीत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. हिवाळी अधिवेशन सुरू होतं, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे, म्हणून ऑटो सोडून छत्रपती चौकातून मेट्रोनं काँग्रेसनगर गाठलं. मॅडमनी आधी नाकातून दुर्बीण घातली. कान दुखतोय आणि या नाकात काय शोधताहेत, असं वाटलं. पण मोठ्या माणसाला एकाच कानात पाणी साचलं, तर नाकामागे गाठ वगैरे नाही ना हे बघावंच लागतं. तिथं काही नव्हतं. मग पडद्याच्या दाबाची तपासणी. कागदावर सपाट रेघ आली, म्हणजे पाण्यामुळे पडदा हलतच नव्हता.

फवारा का फसला हे त्यांच्याकडूनच कळलं. पडद्याचा बाहेरचा थर म्हणजे शेवटी कातडीच. पाण्यासारखं औषध त्यातून सहज आत मुरत नाही. मॅडम बधिर करणारं क्रीम वापरणार होत्या. लिग्नोकेन आणि प्रायलोकेन, दोन्ही अडीच टक्के. ही दोन्ही एरवी घट्ट, पण एकत्र आली की तेलासारखी पातळ होतात. आमच्या घरी अमृतधारा करताना कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल बाटलीत घातलं की पाणी सुटतं ना, तसंच. ते तेल कातडीत मुरतं, पण सावकाश. पूर्ण एक तास.

अमेरिकेत 2019 पासून कानात औषध भरून सौम्य विजेनं ते पडद्यात ढकलायच्या यंत्राला परवानगी आहे, त्याला काही मिनिटं पुरतात, असंही त्या म्हणाल्या. इथं मात्र क्रीम आणि घड्याळ.

दाताला भूल घेतली तेव्हा काही त्रास झाला होता का, हे सिस्टरनी दोनदा विचारलं. नव्हता झाला. सूक्ष्मदर्शकाखाली क्रीम भरलं आणि मी उजव्या कुशीवर. चांगला कान उशीत, वाईट कान क्रीमनं बंद. पंखा फिरताना दिसायचा, ऐकू यायचा नाही. विसाव्या मिनिटाला मी विचारलं, झालं का? सिस्टर माझ्यासमोर वाकून ओठ हलवत म्हणाल्या, "चाळीस मिनिटं आहेत ना जी अजून. मान हलवू नका ताई." नंतर हे बाहेर चहा पिऊन आले, त्याचा वाससुद्धा छळत होता.

चीर देण्याआधी क्रीमचा कण न् कण ओढून काढला. पडद्यापलीकडे ते गेलं तर आतल्या कानाला अपाय होऊ शकतो, म्हणून पडद्याला आधीच भोक असलेल्यांना ही पद्धत चालत नाही. माझ्यासाठी सगळ्यात वाईट हाच भाग होता. दुखलं अजिबात नाही, पण नळीचा आवाज डोक्यात मिक्सर लावल्यासारखा आणि वर दोन क्षण गरगरलं. चीर? मुंगी चावावी एवढं, तेही दाबासारखं. मग चिकट पिवळसर पाणी निघालं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये चिमटा ठेवल्याचा आवाज इतका मोठा आला की मी दचकले. मॅडम ओरडल्या, हलू नका!

घरी आंघोळीला कानात व्हॅसलिन लावलेला कापूस घालायचा, एवढंच पथ्य. तीन आठवड्यांनी चीर भरली होती. दाबाची तपासणी पुन्हा केली. मागच्या सपाट रेघेच्या जागी मधोमध सीताबर्डीच्या टेकडीसारखा उंचवटा. तो कागद मी मागून घेतला.