तुम्ही विचारलंत म्हणून : पोहरा आणि रहाट

"तुम्हा ख्रिस्ती लोकांत ध्यान-साधना असं काही असतं का, की नुसती रविवारची उपासना?" सोलापुरात हे मला किती जणांनी विचारलं, मोजदाद नाही. परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, तेही जिन्यात, मोटर चालू असताना. "असतं की," म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो.

स्पेनमधल्या आव्हिला गावची तेरेसा (१५१५–१५८२) ही कार्मेल संघातली संन्यासिनी. आम्ही प्रोटेस्टंट, ती कॅथलिक. पण मी तिला सोडत नाही. आत्मचरित्रात ती म्हणते, जीव म्हणजे बाग. तण देव उपटतो, चांगली रोपं तोच लावतो. त्यांना धरणारी फुलं म्हणजे सद्गुण. आपण फक्त पाणी घालायचं. ते चार तऱ्हांनी मिळतं: विहिरीतून पोहऱ्याने शेंदून, रहाटाने, ओढ्याच्या पाटाने, नाहीतर पावसाने. या प्रार्थनेच्या चार पायऱ्या. शेंदताना मन भटकतं, पुनःपुन्हा ओढून आणावं लागतं, खांदे भरून येतात. रहाटाला कष्ट कमी, पाणी जास्त. पाटाला नुसतं वळण द्यायचं. आणि पाऊस लागला की माळ्याला कामच उरत नाही.

चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात हे फोड करून सांगावं लागत नाही.

मला खरं भिडतं ते कोरड्या विहिरीचं. दिवसच्या दिवस पोहरा रिकामा वर येतो. तरी हात थांबवू नको, ती म्हणते. पाण्यावाचूनही देव फुलं जगवतो, सद्गुण वाढवतो. तिची कसोटीही कडक. स्वतःला दर्शनं झालेली बाई, पण त्यांवर भाळत नाही. आत्म्याला सात दालनांचा किल्ला मानून १५७७ साली तिने आणखी एक ग्रंथ लिहिला. त्यात आपल्या भगिनींना ती बजावते: कुणी आजारी दिसली, तर भक्तीची गोडी सोडा आणि उठा.

माझं म्हणाल तर वीस वर्षं पोहराच. पहाटे पाचला शुभवर्तमानातला उतारा वाचायचा, मग गप्प बसायचं. कान मात्र नळाकडे.

गेल्या मे महिन्यात असाच बसलो होतो. याच काकूंनी दार वाजवलं. त्यांची मोटर जळालेली, दोन घागरी पाणी हवं होतं. दिलं. पण कपाळावरची आठी त्यांनी पाहिलीच.

"पूजेतनं उठवलं काय?"

"छे छे," म्हणालो, आणि दुसरी घागर भरेपर्यंत त्यांच्याकडे न बघता नळापाशी उभा राहिलो.