आमची वाटचाल : पिल्लू सांभाळायचं तर दातांची तयारी हवी

आमचं काम मोठ्या कुत्र्यांपासून सुरू झालं. मालक बाहेर गेले की घरी जाऊन खाणं-फिरवणं बघायचं. पुढे लहान पिल्लांची कामं येऊ लागली आणि पद्धत बदलावी लागली, कारण पिल्लू हाताला, पायाला, पायजम्याला, दिसेल त्याला चावतं. आज नव्या माणसाला आम्ही सगळ्यात आधी शिकवतो ते हे : पिल्लू चावायला लागलं की ते किती वेळ जागं आहे ते बघा.

पिल्लाला दिवसाकाठी 18 ते 20 तास झोप लागते. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू तासभर जागं राहिलं की दमतं, पण आपणहून आडवं होत नाही. उलट घरभर सुसाट धावतं आणि पोटरीला लटकतं. ‘अंगात मस्ती आहे, खेळवून दमवू’ असं वाटतं खरं, पण तेव्हा खेळ वाढवला की चावे वाढतात. म्हणून आमच्या भेटीचा क्रम ठरलेला आहे : आल्या आल्या शू-शी, मग खाणं, पुन्हा शू, 10-15 मिनिटं खेळ आणि मग प्लेपेनमध्ये (चहूबाजूंनी कुंपण घातलेली जागा) किंवा क्रेटमध्ये (झोपायचा पिंजरा) झोप.

खेळताना दात लागले तर हात झटकायचा नाही. हलणाऱ्या गोष्टीमागे धावणं हा पिल्लाचा स्वभाव आहे, त्यामुळे मागे ओढलेला हात त्याला जास्तच हवासा वाटतो. शिवाय टोकदार दुधाचे दात कातडीवर ओढले जाऊन चरा पडतो. हात आहे तिथेच सैल सोडायचा. पकड सुटली की दोरीचं लांब खेळणं जमिनीलगत हलवायचं आणि पिल्लानं ते धरलं की शाबासकी द्यायची. पुन्हा हातच धरला तर न बोलता उठून गेटच्या पलीकडे जायचं, 20-30 सेकंदांसाठी. जास्त वेळ गेलात तर आपण का गेलो हे त्याला कळत नाही. मोठ्यानं ‘आई गं’ केल्यावर काही पिल्लं थबकतात, काही आणखी चेकाळतात. चेकाळणाऱ्यासमोर आवाज नकोच.

नाकावर टिचकी, तोंड दाबून धरणं आमच्याकडे बंद आहे. त्यानं पिल्लू हाताला घाबरायला लागतं आणि भीतीपोटी घेतलेला चावा खेळातल्या चाव्यापेक्षा जोराचा असतो.

साधारण चौथ्या महिन्यापासून 28 दुधाचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. ओला सुती कपडा पिळून, गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवला की चघळायला बरा, पण तो समोर बसूनच द्यायचा. धागे सुटले की काढून घ्यायचा. खेळण्यावर नख दाबून खूण उमटत नसेल तर ते दातांसाठी फार कडक समजायचं.

काम घेण्यापूर्वी मालकांना आम्ही विचारतो की घरात कुणी हातानं कुस्ती खेळवतं का. एकानं खेळवायचं आणि दुसऱ्यानं अडवायचं, असं असेल तर सवय मोडत नाही. लसीकरणाचं कार्डही बघतो. रेबीजची लस सहसा तिसऱ्या महिन्याच्या सुमारास असते, म्हणजे बऱ्याच पिल्लांची ती व्हायचीच असते. दातानं कातडी फुटली तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, चरा बारीक असला तरी.

खेळकर पिल्लाचं अंग सैल असतं. भांड्यावर किंवा खेळण्यावर अंग ताठ करून, नजर रोखून गुरगुरत असेल तर तो खेळ नव्हे. अशा वेळी आम्ही भांड्याला हात लावत नाही, मालकांना तसं लगेच कळवतो आणि पशुवैद्यांना दाखवायला सांगतो.