सर, मागचे दोन वाजायलेच नाहीत

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी परभणीत फिजिक्स शिकवतो, त्यामुळे वायर आणि स्पीकर म्हटलं की गल्लीतली माणसं माझ्याकडे येतात. प्रश्न जवळजवळ तोच असतो: "सर, पाच स्पीकरचं होम थिएटर आणलं, पेनड्राइव्हवरचा पिक्चर लावला, पण मागचे दोन वाजायलेच नाहीत. माल खराब निघाला का?"

माल बहुतेक वेळा चांगला असतो. आवाज वाटेत अडलेला असतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी टेलच्या शेतात आलं नाही तर आपण शेताला दोष देत नाही. चारी धरून मागं चालत जातो आणि कुठं फुटलंय, कुठलं दार बंद आहे ते बघतो. इथंही तसंच चालत जायचं. फक्त सुरुवात धरणापासून करायची, म्हणजे फाइलपासून.

५.१ म्हणजे सहा वेगळे आवाज: समोर डावा, उजवा, त्यांच्या मधला, मागचे दोन, आणि खोल घुमणारा सहावा. फाइलमध्ये हे सहा आहेत का, ते आधी बघा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ऑडिओच्या खाली चॅनल किती ते स्पष्ट लिहून येतं. दोन असतील तर पुढची सगळी धडपड वाया. मी स्वतः ही चूक केली आहे. आमच्या अण्णांसाठी घरातल्या डीव्हीड्या हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून छोट्या फाइली करून ठेवल्या, नेहमीचा प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेलं सेटिंग लावून. त्या प्रीसेटमध्ये आवाज दोनच चॅनलचा निघतो, हे मला सगळ्या झाल्यावर कळलं. ऑडिओच्या टॅबमध्ये पासथ्रू, म्हणजे मूळ आवाज जसाच्या तसा, निवडून सगळ्या पुन्हा केल्या. दोनाचे सहा करणारी युक्ती ॲम्पमध्ये, म्हणजे स्पीकर ज्याला जोडतात त्या डब्यात असते, प्रोलॉजिक म्हणतात तिला, पण तो अंदाज असतो. मुळातला मागचा आवाज परत येत नाही.

मग वायर. लाल-पांढरी जोडी दोनच आवाज नेते. ब्लूटूथही दोनच नेतं. खोक्यावर ५.१ छापलेलं आणि पाठीमागं एवढंच असेल, तर पाचही स्पीकर तेच दोन आवाज वाटून घेणार. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण पैसे देऊन झालेले असतात. म्हणून घ्यायच्या आधी डबा उलटा करून पाहा: ऑप्टिकल किंवा एचडीएमआय हवं, नाहीतर सहा आवाजांच्या सहा पिना तरी. कॉम्प्युटरवरून तीन पिना येतात, प्रत्येकीत दोन आवाज: हिरवी पुढच्यांची, काळी मागच्यांची, नारिंगी मधल्याची आणि घुमणाऱ्याची.

ऑप्टिकल वायर लावूनही दोनच वाजतात, त्याचं गणित सोपं आहे. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल: १५,३६,००० बिट. ही वायर असा उघडा, न दाबलेला आवाज दोन चॅनलपुरताच नेते. सहाचे ४६ लाखांच्या वर जातात, ते तिच्यात मावत नाहीत. पण डॉल्बी डिजिटल या आवाज दाबायच्या पद्धतीत दाबून भरलेले सहाच्या सहा जास्तीत जास्त ६ लाख ४० हजारांत बसतात. म्हणजे गाठोडं न सोडता पुढं पाठवायचं आणि ॲम्पने ते उघडायचं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुटला 'पीसीएम', म्हणजे उघडा आवाज, असेल तर टीव्हीच गाठोडं सोडतो आणि दोन पाठवतो. तिथं बिटस्ट्रीम, ऑटो किंवा पासथ्रू करा. कॉम्प्युटरवर पिक्चर लावायला व्हीएलसी किंवा कोडी हे सॉफ्टवेअर असेल तर तिथंही पासथ्रू चालू करावं लागतं. जमलं की ॲम्पच्या काचेवर डॉल्बी डिजिटल उमटतं. मग कॉम्प्युटरवरून आवाज कमी-जास्त होत नाही, तो ॲम्पवरून करायचा. घाबरू नका, गाठोडं बंद आहे म्हणून तसं होतं.

चित्र दिसतं पण आवाज मुळीच नाही, असं झालं तर आवाजाचा ट्रॅक डीटीएसचा, म्हणजे दाबायच्या दुसऱ्या एका पद्धतीचा, असण्याची शक्यता मोठी. बरेच टीव्ही तो ओळखत नाहीत. डॉल्बी डिजिटल १९९२ पासूनचं, ते जवळपास सगळ्यांना कळतं. एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरने फक्त आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून घ्या, चित्र आहे तसं राहतं आणि काम मिनिटांत होतं.

हे सगळं मी शिकलो ते अण्णांमुळं. ते सिनेमा बघताना सारखं विचारायचे, "तो काय म्हणायलाय रे?" गाणं दणकत होतं, मोटारीचा आवाज येत होता, माणसाचं बोलणं मात्र पुटपुटल्यासारखं. त्यांना वाटलं आपले कान गेले. त्यांनी सिनेमा बघणंच कमी केलं, बाजेवर पडून राहायला लागले. एका रात्री मी कॉम्प्युटरमागं बॅटरी मारून पाहिलं. सेटिंग ५.१ वर होतं आणि जोडलेली होती फक्त हिरवी पिन. सिनेमातलं बोलणं बहुतेक सगळं मधल्या चॅनलला असतं, आणि तोच कुठंच जात नव्हता. दोनच स्पीकर असतील तर सेटिंग स्टिरिओ ठेवा, म्हणजे मधला आवाज डाव्या-उजव्यात मिसळून येतो. मी तिन्ही पिना जोडल्या. पुढं ॲम्प घेतल्यावर मधला ३ डेसिबलनं वाढवला. घरात वयस्कर माणूस असेल तर मागच्या दोघांच्या आधी हा मधला बघा, माझी एवढी विनंती आहे.

मागचे दोन शोकेसवर, टीव्हीच्या शेजारी ठेवू नका. बसणाऱ्याच्या कानाच्या थोडे मागं, दोन्ही बाजूंना, ही त्यांची जागा. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज फार घुमतो. सतरंजी अंथरा, एका भिंतीला जाड वाकळ टांगा. लगेच फरक कळतो.

तरी अडलंच तर मला दोन गोष्टी पाठवा: मीडियाइन्फोतली ऑडिओची ओळ आणि डब्याच्या पाठीचा फोटो. जवळपास राहत असाल तर मी येऊनही बघेन, रविवारी सकाळी, लाइट असली की.